उष्टा वास

यामिनी प्रभुदेसाईंचं नाक हा सुचेता लिगाडेच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा त्रास होता. नवऱ्याचं घोरणं, गुडघे, मिरजेचं पाणी, हे सगळं त्याच्या खाली. नाक होतं बेळगावात, दुसऱ्याच्या तोंडावर, आणि झोप उडायची ती मिरजेत हिची.

ओळख झाली ती 'दरवळ'वर. दरवळ म्हणजे अत्तराच्या आणि एकूणच वासांच्या वेड्यांचा ऑनलाइन कट्टा. वासाचा फोटो काढता येत नाही, त्यामुळे तिथला सगळा कारभार शब्दांचा. आणि त्या कारभारातली सगळ्यात मानाची गोष्ट म्हणजे फिरती कुपी. एक अत्तराची कुपी कुरिअरनं या घरून त्या घरी जायची. वर नाव नाही, चिठ्ठी नाही. कापसाच्या बोळ्यावर थेंब घ्यायचा, हुंगायचा आणि नाकाला सुचेल ते कट्ट्यावर लिहायचं. आत काय होतं ते पाठवणाऱ्यानंही कधी सांगायचं नाही, कारण वासात बरोबर-चूक नसतं असं या मंडळींचं म्हणणं. नियम एकच होता: स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं वाचायचं नाही. वाचून लिहिलंत तर तो उष्टा वास. त्याला कुलूपबिलूप काही नव्हतं, सगळा मामला भरवशाचा.

सुचेता आणि तिचा नवरा प्रसाद यांचं मिरजेत औषधांचं दुकान, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी. पहिली कुपी आली तेव्हा तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, "गोड आहे. थोडा औषधी. छान." दोघांना आवडलं, त्यातला एक बहुतेक चुकून. मग तिनं त्याच कुपीवर यामिनीताईंनी लिहिलेलं वाचलं. "लग्न लागून गेलेला मांडव असतो ना, त्याचा. झेंडू दमलेला असतो, आणि कुठेतरी कुणाची तरी अत्तरदाणी उपडी पडलेली असते." खाली लोकांचा नुसता पाऊस. वाचता वाचता सुचेताला खरोखर अत्तरदाणीचा वास आला. हे आपल्याला का नाही सुचलं? कुपी तीच, थेंब तोच, मग या बाईला असं काय वेगळं नाक दिलंय देवानं?

चौथ्या-पाचव्या कुपीला तिनं आधी जरा डोकावून पाहिलं. नुसतं सुरुवात कशी करतात ते बघायला. पुढे डोकावल्याशिवाय तिला एक ओळ लिहिता येईना. यामिनीताईंचं वाचायचं, मग कापूस नाकाशी धरायचा, मग तोच वास जरा पलीकडून लिहायचा. त्यांचा तो 'ना' तिच्या वाक्यात आला, 'कुठेतरी' आलं, लांब वाक्यानंतर थांबायची त्यांची जागा आली. लोक कौतुक करू लागले, पण नेहमी जोडीनं. यामिनीताई आणि सुचेता. कधी म्हणून सुचेता आणि यामिनीताई नाही.

दोन वर्षांपूर्वीची एक कुपी तर तिला चांगली आठवत होती. यामिनीताईंनी लिहिलं होतं वाळ्याचा पडदा. सुचेताचं नाक म्हणत होतं रॉकेल, आणि त्याच्या खाली पेरू, पार पिकून मऊ झालेला. तिनं पुन्हा पुन्हा हुंगलं. पुन्हा पुन्हा रॉकेल. शेवटी तिनं आपल्याच नाकाला चार शिव्या दिल्या आणि लिहिलं, "वाळ्याचाच, पण कालचा. आज पडद्यावर पाणी मारायला कुणीतरी विसरलंय ना, तसा." कट्टा खूश झाला. दोघींची नाकं सख्ख्या बहिणींसारखी आहेत, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते तिला रात्रीपर्यंत टोचत राहिलं. बहिणींमध्ये थोरली कोण, ते काही कुणी विचारायची गरज नव्हती.

अशात दरवळचं घर बदलायची वेळ आली. जुनं सॉफ्टवेअर म्हातारं झालेलं, त्याची डागडुजी करणारं कुणी उरलेलं नाही. मध्ये एकदा कुणीतरी आत घुसलं आणि आठवडाभर कुप्यांच्या जागी वजन घटवायच्या गोळ्यांच्या जाहिराती दिसत राहिल्या. कट्टा सांभाळायचा पुण्याचा हृषीकेश डांगे, फुकट आणि हौसेनं. त्यानं सगळ्यांना व्हिडिओवर जमवलं आणि अडचण सांगितली. सामान हलवणं सोपं आहे, माणसं ओळखणं अवघड. निम्म्या लोकांचे जुने ईमेल मेलेत, फोन नंबर बदललेत, पासवर्ड तर कुणालाच आठवत नाहीत. नव्या घरात कोण कोण आहे हे ठरवायचं कसं?

तर त्यावर उपाय निघाला होता. नव्या सॉफ्टवेअरचं नावच 'ओळख'. हृषीनं समजावलं ते असं. माणूस मोठाले शब्द विचार करून निवडतो, पण बारके शब्द त्याच्या हातून आपोआप पडतात. 'पण' कुठे येतं, 'तर' किती वेळा, 'मला वाटतं' आधी की शेवटी, वाक्य कुठे दमतं, स्वल्पविराम कुठे राहून जातो. जिन्यावर पाऊल वाजलं की न बघता कळतं ना घरचं कोण आलं ते, त्यातलाच प्रकार. यंत्र तुमचं वर्षानुवर्षांचं लिखाण वाचतं, अशा शेकडो बारक्या सवयी मोजतं आणि त्यांचा एक ठसा बनवतं. मग तुम्ही दाराशी येऊन चार ओळी लिहायच्या. ठसा जुळला की दार उघडलं. एकाच माणसाची दोन खाती असतील तर तीही यंत्र आपणहून एकत्र करतं, म्हणजे पसारा कमी.

कुणीतरी विचारलंच, की एखादा दुसऱ्यासारखं लिहीत असेल तर? हृषी हसला. म्हणाला, कपडे दुसऱ्यासारखे घालता येतात, चाल नाही उचलता येत. त्यासाठी वर्षानुवर्षं त्या माणसाच्या मागे मागे चालावं लागेल, आणि एवढं रिकामटेकडं कोण असतं? सगळे हसले. सुचेताही हसली, जरा जास्तच जोरात.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी प्रसाद जेवून आडवा झाला होता, दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, आणि ती फोन घेऊन काउंटरच्या मागे बसली. दारात यंत्रानं विचारलं, आत्ता आसपास कसला वास आहे, थोडं लिहा. तिनं सवयीनं लिहिलं. "दुपारचं बंद दुकान असतं ना, त्याचा. औषधं झोपलेली असतात, आणि कुठेतरी एखाद्या बाटलीचं बूच जरासं सैल राहिलेलं असतं." आणखी पाच-सहा ओळी अशाच, सफाईनं. यंत्रानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं.

"या, यामिनीताई. ओळख पटली, अठ्ठ्याण्णव टक्के."

आणि त्याच्या खाली लहान अक्षरांत: "तुमचं आणखी एक खातं सापडलं: सुचेता लिगाडे. दोन्ही एकत्र केली आहेत." अगदी तळाशी एक बटण होतं, 'हे मी नव्हे'.

आता खरं तर लाज वाटायला हवी होती. निदान घाबरायला तरी. पण खोटं कशाला सांगा, सुचेताला आनंद झाला. आतून, पोटातून, अंग गरम करणारा आनंद. इतकी वर्षं जी गोष्ट कुणीही, अगदी नवऱ्यानंही, तिला म्हटली नव्हती, ती एका निःपक्षपाती यंत्रानं म्हटली होती. त्या बाईत आणि तुझ्यात काही फरक नाही. हृषीला फोन करायला हवा हे तिला कळत होतं. उद्या करू, असं ती म्हणाली, आणि मग परवा म्हणाली.

मधल्या दिवसांत नवी कुपी मिरजेत येऊन पडली. ती कुपी तिनं हुंगली, आणि यामिनी प्रभुदेसाईंच्या नावाखाली त्यांच्यासारखं लिहिलं. पहिल्यांदाच आधी वाचायला कुणाचं काही नव्हतं, तरी हात अडला नाही. संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर जत्रा जमली. ताई, किती दिवसांनी! ताई, गेल्या दोन वर्षांत असं लिहिलं नव्हतंत! सुचेता गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता वाचत होती आणि तिला कळेना की आपल्याला गोड का लागत नाहीये. मग कळलं. ओळी तिच्या होत्या, पण वाहवा चालली होती ती त्याच नावाची. तिला चक्क स्वतःच्या ओळींचा हेवा वाटला. एवढं करूनही बाई पुढेच.

आणि दोनच दिवसांनी भर दुपारी, अर्ध्या शटरखालून वाकून, यामिनी प्रभुदेसाई दुकानात आल्या. दरवळच्या संमेलनात भेट व्हायची तेव्हा ताठ चालणाऱ्या, इस्त्रीच्या सुती साडीतल्या या बाई, आज साडी तशीच पण खांदे उतरलेले. मिरजेत नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे आले होते म्हणाल्या. हातात कागद. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, चारही तेलं हवीत, सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितलीत. सुचेतानं स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, आणि चार तेलं कशाला, असं विचारलं.

"मला वास येत नाही, सुचेता. दोन वर्षं झाली. त्या तापात गेला तो गेलाच."

सुचेताच्या मनात पहिलं काय आलं? दया नाही आली. पहिल्यांदा आली एक उकळी, जिंकल्याची. ते जगप्रसिद्ध नाक दोन वर्षं बंद पडलेलं आहे! आणि तिनं विचारलं, मग दोन वर्षं तुम्ही लिहीत कशा होतात?

"आठवणीतून. अंदाजानं. कुपी नाकाशी धरायची आणि पूर्वी कधी घेतलेला एखादा वास लिहून टाकायचा. मग तुझं यायची वाट बघायची. तू 'हो' म्हणालीस की जिवात जीव यायचा. म्हटलं, सुचेताचं नाक काही खोटं बोलायचं नाही."

उकळी जागच्या जागी बसली. वाळ्याचा पडदा. म्हणजे रॉकेल ते रॉकेलच होतं, आणि पेरू तो पेरू. तिचं नाक खरं सांगत होतं आणि तिनं त्याला शिव्या घातल्या, एका अशा बाईपायी जिला काहीच येत नव्हतं. ती हिच्यावर विसंबलेली आणि हिला वाटायचं तिचं बरोबर. दोघींनी मिळून दोन वर्षं कट्ट्याला हवा हुंगायला लावली होती.

यामिनीताई सांगत राहिल्या. नव्या घराच्या दाराशी यंत्रानं वासाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ठरवलं, आता पुरे, खरं लिहायचं. लिहिलं की मला कसलाच वास येत नाही, आणि त्याबद्दल कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. यंत्र म्हणालं ओळख पटत नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. हृषीला फोन केला तर तो म्हणाला, ताई, तुम्ही तर कधीच आत आलेल्या आहात, परवा कुपीवर लिहिलंत की. त्यानं जुनी प्रत काढून ठेवली होती, तीही उघडून पाहिली. मजकूर सगळा नीट उतरलेला, फक्त कुठला कुणी लिहिला तेवढं उतरलं नव्हतं. प्रत काढली, पण उघडून तपासायची राहून गेली होती. म्हणजे आता कोण कोण आहे हे ठरवायला यंत्राशिवाय दुसरं कुणी नाही, आणि महिनाअखेरीनंतर यंत्र ठरवेल ते कायमचं. हृषी फार हळुवारपणे म्हणाला होता, की ताई, लिहून विसरला असाल का? मग त्यानं त्यांच्या मुलाला फोन केला. मुलानं उद्याची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

"मी ते वाचलं गं, माझ्या नावाचं. वाचताना वाटतं, मीच लिहिलंय. नक्की मीच. पण लिहिलेलं आठवत नाही. असं सुरू होतं का ते? विसरणं?"

सुचेता तेलाच्या बाटल्या शोधायला कपाटाकडे वळली आणि नको तितका वेळ शोधत राहिली. मागून यामिनीताई म्हणाल्या, जाऊ दे, तू एक सांग. या दुकानात आत्ता कसला वास येतोय? डॉक्टर म्हणतात, रोज कुणाकडून तरी ऐकत जा, मदत होते.

सुचेतानं तोंड उघडलं. "दुपारचं बंद दुकान असतं ना, त्याचा. औषधं झोपलेली..." आणि तिथे थांबली.

यामिनीताईंनी मान वर केली. माणसानं गर्दीत स्वतःचंच नाव ऐकावं तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. सुचेतानं फोन काढला, उघडला आणि काउंटरवर त्यांच्यापुढे ठेवला. वर लिहिलेलं होतं, या, यामिनीताई.

यामिनीताईंनी ते दोनदा वाचलं. मग सुचेतानं फोन आपल्याकडे ओढला आणि 'हे मी नव्हे' दाबलं. यंत्रानं बजावलं, की हे खातं मोकळं होईल आणि चालक ते खऱ्या माणसाच्या हाती देतील. मात्र एकत्र झालेलं लिखाण आता वेगळं होणार नाही, ते याच खात्यात राहील. म्हणजे तिची इतकी वर्षं, चांगली-वाईट, उष्टी-ताजी, सगळी यामिनी प्रभुदेसाईंची. तिच्याकडे शून्य. तिचं बोट क्षणभर अडलं. अजूनही काही बिघडलेलं नव्हतं, फोन खिशात टाकून चहा मागवता आला असता, आणि समोरच्या बाई उद्या मेंदूच्या डॉक्टरांसमोर बसल्या असत्या. तिनं 'होय' दाबलं. पुन्हा विचारलं गेलं, आत्ता आसपास कसला वास आहे?

यावेळी तिनं आधी हुंगलं. खरंच हुंगलं, खूप वर्षांनी, कुणाचंही काही न वाचता. मग लिहिलं. "शेजारच्या भडंगवाल्याचा लसूण करपलाय. सतारवाल्यांच्या गल्लीतून लाखेचा वास येतो, तो घशात बसतो. पुठ्ठ्याचे खोके. माझा स्वतःचा घाम, कारण मी घाबरले आहे. मी दुसऱ्या एका बाईचं वाचून वास घ्यायचे. तिच्यासारखं लिहायला मिळावं म्हणून माझा जीव जळायचा. अजून जळतो. तिच्या नावानं परवा मीच लिहिलं. तिच्या डोक्याला काही झालेलं नाही."

यंत्रानं या खेपेला जास्त वेळ घेतला.

"या लेखनाशी जुळणारं कुणीही सापडलं नाही. नवीन सदस्य म्हणून यायचं आहे का?"

तिनं फोन फिरवून यामिनीताईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत आणि पुन्हा. सुचेतानं हृषीला त्यांच्यासमोरच फोन लावला आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. यामिनीताईंनी तेलाच्या बाटल्या पिशवीत घातल्या, पैसे दिले, पायरीवर उभं राहून मुलाला उद्याची वेळ रद्द करायला सांगितलं, आणि मागे न बघता स्टेशनकडे निघाल्या. प्रसाद वामकुक्षी आटोपून खाली आला तेव्हा सुचेता काउंटरवर डोकं टेकून रडत होती. त्यानं विचारलं काय झालं, आणि तिनं फोन त्याच्यापुढे सरकवला.

दरवळवर जुनी रीत होती. नवा माणूस आला की त्याचं स्वागत यामिनीताई करायच्या, एकाच प्रश्नानं. आत्ता कसला वास येतोय? सुचेता लिगाडे, नवीन सदस्य, लेखन शून्य, अशी पाटी घेऊन ती आठवडाभर गप्प बसून होती. लोकांना हृषीनं झालेलं कळवलं होतं. काही जणांनी तिला बरंच सुनावलं, आणि ते योग्यच होतं. यामिनीताईंनीही आपल्या नाकाचं खरं लिहून टाकलं होतं. त्यांच्या नावापुढे आता दोघींच्या ओळींचा आकडा होता, आणि तो बघून सुचेताला अजून तसाच हेवा वाटायचा. मत्सर काही एका बटणानं जात नाही.

मग एका दुपारी त्यांचा प्रश्न आला. नेहमीचा नव्हता.

"वाळ्याच्या कुपीत खरं काय होतं?"

सुचेतानं लिहिलं, "रॉकेल. खाली पेरू, पार पिकून मऊ झालेला. वाळा नव्हताच." लिहिलं आणि वाचून पाहिलं. अगदीच साधं होतं. मांडव नव्हता, अत्तरदाणी नव्हती. कुणालाही ते आवडलं नाही, म्हणजे आवडलं असं कुणी दाबलं नाही. तिनं शटर वर केलं, दोन गिऱ्हाइकं केली, आणि परत फोन पाहिला तेव्हा खाली एक ओळ आलेली होती.

"पेरू मला आठवतो. अजून सांग."

पाच शब्दांत बाईनं परत बाजी मारली. सुचेताचा जीव जळला तो जळलाच. मग तिनं कपाटातून अजून पुढे न पाठवलेली ती नवी कुपी काढली, बूच उघडलं, आणि डोळे मिटून नाकाशी धरली, कारण तिकडे बेळगावात कुणीतरी वाट बघत होतं.